मृगया, निवारण आणि जीवदया
(ससिकरक्षण लीळेच्या अनुषंगाने एक अभ्यास)

१. प्रस्ताव

पुण्याच्या स्वारगेट चौकातून पर्वतीच्या दिशेने निघाले असता थोड्याच अंतरावर सारसबाग आणि तिला लागून पेशवे उद्यान लागते. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास येथे तळे करविले. पर्वतीच्या पायथ्याशी पुढे सवाई माधवरावांचा शिकारखाना होता आणि त्यात नानाविध वन्य पशू बाळगलेले होते. कालांतराने तळे गेले, राज्यही गेले. १९५३ साली पुणे महानगरपालिकेने पेशवे उद्यानात प्राणिसंग्रहालय उभारले, आणि १९९९ पासून त्यातील प्राण्यांची व्यवस्था सातारा रस्त्यावर कात्रज येथील राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात झाली. राजाचा शिकारखाना, नगरवासीयांचे प्रेक्षणस्थान आणि जखमी व पोरक्या प्राण्यांनाही आसरा देणारी संस्था, अशी वन्य पशूकडे पाहण्याची तीन रूपे या एका वाटेवर अडीचशे वर्षांत पाहावयास मिळतात. पशू तोच आहे. मनुष्याची त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी तेवढी पालटत गेली.

दृष्टी पालटली, तरी मूळ प्रश्न सुटलेला नाही. याच पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, शिरूर तालुक्यातील पिंपरखेड व आसपासच्या गावांत, २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत सुमारे तीन आठवड्यांच्या अवधीत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन माणसे दगावली. त्यांत दोन बालके होती आणि एक वृद्धा होती. लोकांचा क्षोभ अनावर झाला, रस्ते अडविले गेले, आणि अखेर नोव्हेंबरच्या आरंभी नेमबाजांकरवी एक बिबट्या ठार करण्यात आला. हे कृत्य हिंसा म्हणावे की रक्षण? शासन ज्यास वन्यजीवांचे व्यवस्थापन म्हणते, त्यात वधाला स्थान आहे काय? आणि असेल, तर अहिंसा हे ज्याच्या आचाराचे पहिले अंग आहे त्या उपदेशी गृहस्थाने व भिक्षुकाने त्याकडे कोणत्या भावनेने पाहावे? हा या अभ्यासाचा विषय आहे.

२. लीळेचा आशय

या प्रश्नाचा विचार करताना सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींची ससिकरक्षण लीळा प्रथम ध्यानी येते. लीळा सर्वपरिचित आहे. तिचा आशय तेवढा येथे सांगावयाचा. स्वामी वृक्षातळी आसनस्थ असता पारध्यांनी कुत्री पाठीस लावलेला एक ससा धावत आला आणि त्यांच्या जानूतळी लपला. कुत्री जागीच उभी राहिली. मागून पारधी आले व त्यांनी ससा मागितला. तो शरण आला आहे, हे स्वामींनी त्यांस सांगितले. त्यावर पारधी म्हणाले, हा पैजेचा ससा आहे. तो न मिळाल्यास आमच्यातच शस्त्रे निघतील. स्वामींनी शरणागतास मृत्यूच्या हाती दिले नाही. रानातले गवत खाणाऱ्या व झऱ्याचे पाणी पिणाऱ्या निरपराध जीवांशी तुमचे वैर कोणते, या आशयाचा धर्म त्यांनी पारध्यांस निरोपिला. पारध्यांनी पुढे हत्या न करण्याचे कबूल केले. मग स्वामींनी जानू उचलून सशास आदरार्थी संबोधनाने निरोप दिला आणि तो रानात निघून गेला.

या लीळेत प्रस्तुत विषयाला उपयोगी अशा चार गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट अशी की, ही पारध भुकेपोटी नव्हती. ससा पैजेचा होता. ज्याचा प्राण जाणार त्याच्याशी पैजेचा काडीइतकाही संबंध नव्हता. दोघा मनुष्यांच्या अभिमानाचा तो केवळ मोजदंड झाला होता.

दुसरी गोष्ट म्हणजे, स्वामींनी पारध्यांस शाप दिला नाही, दूर लोटले नाही, तर उपदेश केला. त्यामुळे एका प्रसंगी एक जीव वाचला, आणि पारध्यांचे मन पालटल्यामुळे पुढील कित्येक जीव वाचले.

तिसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही. शस्त्रे निघण्याचा प्रसंग स्वामींच्या समोरच उभा होता. ज्याने रक्षण केले, त्याने त्या रक्षणातला धोकाही आपल्या आसनाशी येऊ दिला. दुसऱ्याच्या जिवावर उदार होऊन केलेली ही दया नव्हे.

चौथी गोष्ट, ससा वाचल्यावर तो बाळगला गेला नाही. रक्षण झाले, परंतु स्वामित्व आले नाही. रानचा जीव रानात गेला. शिकारखान्यातील पशू आणि जानूतळचा ससा यांतील भेद येथे आहे.

३. मृगयेचे तीन हेतू

कृती एक दिसली तरी हेतुभेदाने तिचे स्वरूप भिन्न होते. बाण सुटतो आणि पशू पडतो, एवढे पाहून विचार पुरा होत नाही. मृगयेचे हेतूपरत्वे तीन प्रकार करता येतात: विनोदार्थ, उदरनिर्वाहार्थ आणि निवारणार्थ.

विनोदार्थ मृगया ही राजेरजवाड्यांची. कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते शिकवून तयार करीत. देशी चित्ते दुर्मिळ झाले तेव्हा आफ्रिकेतून चित्ते आणविण्यात आले, आणि खेळ चालू राहिला. भारतातील चित्त्यांची जी अखेरची निश्चित नोंद आहे ती १९४७ सालची: आजच्या छत्तीसगडातील कोरिया संस्थानच्या राजाने तीन चित्ते मारले. १९५२ साली हा पशू भारतातून नाहीसा झाल्याचे जाहीर करण्यात आले. सत्तर वर्षांनी, २०२२ च्या सप्टेंबरात, नामिबियातून चित्ते आणून मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडावे लागले. चित्ता नाहीसा होण्यास माळराने मोडणे, पिले पकडून पाळणे, भक्ष्य आटणे अशी अनेक कारणे होती. परंतु बंदुकीच्या विनोदाचा त्यात मोठा वाटा होता. पैजेच्या सशाची ही कथा राजवाड्यात घडली, एवढाच भेद.

उदरनिर्वाहार्थ मृगया ही रानावर जगणाऱ्या समाजांची. महाराष्ट्रातील पारधी समाज फासे लावून तित्तर, ससे, हरणे धरीत असे. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने अनेक भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविण्याचा मार्ग खुला केला, आणि पारध्यांवरही तो शिक्का बसला. १९५२ साली तो कायदा गेला. समाजाच्या मनातील शिक्का मात्र पुरता पुसला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या मृगयेसही आळा घातला. प्राण्यांच्या दृष्टीने ते योग्यच झाले. परंतु ज्याच्या हातून फासा काढून घेतला त्याच्या हाती दुसरे साधन देण्याचे कर्तव्य त्या मानाने फार थोडे पार पडले. ज्याने विनोदासाठी वाघ मारला त्याचे छायाचित्र दिवाणखान्यात लागले. ज्याने पोटासाठी तित्तर धरला तो तुरुंगात गेला. हिंसा दोन्हींकडे आहे, हे खरे. पण दोषाचे वजन करताना ही विषमता विसरणे न्यायाचे नाही. लीळेतील पारध्यांस स्वामींनी धिक्कारले नाही, याचे स्मरण येथे ठेवावे.

निवारणार्थ मृगया हा तिसरा प्रकार. पशूमुळे मनुष्याच्या प्राणास वा पिकास उपद्रव होतो, तो टाळण्यासाठी केलेला वध, असे त्याचे स्वरूप सांगतात. आजचा खरा वाद याविषयी आहे. कारण पहिल्या प्रकाराचे समर्थन आता भारतात उघडपणे फारसे कोणी करीत नाही, आणि कायद्यानेही तो मार्ग बंद केला आहे. १९७२ च्या मूळ कायद्यात काही प्राण्यांच्या शिकारीस परवाने मिळत. १९९१ च्या दुरुस्तीने ती तरतूदही गेली. आता वध होतो तो निवारणाच्या नावाने. यास्तव त्या नावाखाली पैज तर लपलेली नाही ना, हे पाहणे अवश्य आहे.

४. निवारणाची वस्तुस्थिती

दया डोळस असावयाची तर वस्तुस्थिती जाणली पाहिजे. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत धरणांचे पाणी आले आणि कोरडवाहू रानांच्या जागी ऊस उभा राहिला. उसाचे पीक वर्ष-दीड वर्ष शेतात असते. त्यात सावली आहे, पाणी आहे, लपण आहे; आणि भोवती कुत्री, शेळ्या, डुकरे असे भक्ष्य आहे. बिबट्यास याहून निराळे अरण्य ते काय हवे? मादी उसातच विते, पिले उसातच वाढतात, आणि तोडणीच्या हंगामात त्यांचे घर एकाएकी नाहीसे होते. तात्पर्य, बिबट्या गावात आला असे म्हणण्यापेक्षा मनुष्याने त्याच्यासाठी नकळत घर बांधले, असे म्हणणे सत्यास अधिक धरून होईल.

या उपद्रवावर काय केले गेले, तेही पाहण्यासारखे आहे. २००१ पासून जुन्नर भागात मोठ्या संख्येने बिबटे पकडून दूरच्या रानांत सोडण्यात आले. हेतू चांगला होता: वध नको, स्थलांतर करावे. परंतु विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातून निराळेच चित्र पुढे आले. ही मोहीम सुरू होण्यापूर्वी त्या भागात मनुष्यावरील हल्ले वर्षास सरासरी ४ होत. मोहिमेनंतर ते सरासरी १७ झाले. बिबट्या हा स्वतःचा प्रदेश राखणारा प्राणी आहे. जुना, माणसाला चुकवून राहण्याची रीत जाणणारा बिबट्या काढला की ती जागा ओस राहत नाही. नवखे, बहुधा तरुण बिबटे तेथे शिरतात. आणि ज्यास नेऊन सोडले तो अनोळखी मुलुखात भेदरून भटकतो. म्हणजे जीव वाचविण्याच्या हेतूने केलेले कृत्यही अज्ञानामुळे मनुष्य व पशू दोघांसही अपायकारक ठरले. केवळ सद्धेतू पुरत नाही. त्याच्या जोडीस ज्ञान हवे, असा हा धडा आहे.

सरसकट वधासही हीच गोष्ट लागू पडते. उपद्रव करणारा बिबट्या एक असतो आणि उसात वावरणारे बिबटे पुष्कळ असतात. भयाच्या भरात जो समोर दिसेल तो मारला तर अपराधी सुटतो, निरपराध मरतो, आणि त्याच्या ओस जागेत नवा बिबट्या येतो.

रानडुक्कर आणि विदर्भात ज्यास रोही म्हणतात ती नीलगाय, यांची गोष्ट थोडी निराळी आहे. येथे प्रश्न प्राणाचा क्वचित, पिकाचा नित्य असतो. एका रात्रीत कळप शिरला की मका, भुईमूग, हरभरा भुईसपाट होतो. रानडुकरीण एका वेतात अनेक पिले देते. थोडी डुकरे मारली तरी संख्या पुन्हा लवकर भरते. ज्या रानात वाघ-बिबटे उरले नाहीत तेथे त्यांची वाढ रोखणारा नैसर्गिक शत्रूही नसतो. म्हणजे एकीकडे मांसभक्षक मारून आपणच समतोल मोडावयाचा, आणि दुसरीकडे तृणभक्षक वाढले म्हणून पुन्हा बंदूक उचलावयाची, असे हे चक्र आहे.

५. शंका आणि परिहार

शंका पहिली. शिकारीनेच रान राखले, असे काही जाणते लोक म्हणतात. कोल्हापूरच्या महाराजांचे शिकारीचे राखीव रान म्हणून दाजीपूरचे जंगल टिकले, आणि १९५८ साली तेथे राज्यातील पहिले अभयारण्य झाले. परदेशांतही नामिबियात १९९६ पासून स्थानिक समाजांना वन्यजीवांवर हक्क मिळाले आणि मोजक्या शिकारीच्या शुल्कातून गावांस उत्पन्न होऊ लागले. बलुचिस्तानातील तोरघर डोंगरात १९८० च्या दशकापासून टोळ्यांनी स्वतः शिकार थांबविली, परदेशी शिकाऱ्यांस वर्षाकाठी मोजके परवाने दिले, आणि मारखोर नावाच्या रानबकऱ्यांची संख्या वाढली. मग शिकार ही रक्षणाचे साधन का मानू नये?

परिहार. हे दाखले खरे आहेत आणि ते नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु त्यांत रक्षण कशाने झाले, हे विवेकाने पाहावे. दाजीपुरात रान टिकले ते कुऱ्हाड व नांगर बाहेर राहिले म्हणून. गोळीने एकही झाड वाढत नाही. तोरघरात शेकडो स्थानिक बंदुका थांबल्या, म्हणून मारखोर वाढला. परवान्याचे द्रव्य हे त्या थांबण्याचे मोल होते. म्हणजे रक्षणाचे बीज संयमात आहे, वधात नाही. जेथे संयमाचे मोल दुसऱ्या मार्गाने देता येते तेथे वधाचा मार्ग धरण्याचे कारण उरत नाही. मात्र यातून एक गोष्ट शिकावी. रानाशेजारी राहणाऱ्या मनुष्यास रान राखण्यात काही लाभ असेल, तरच रान राहते. त्यास केवळ भय, नुकसान आणि उपदेश मिळत राहिला, तर ना रान राहील ना उपदेश.

शंका दुसरी. रानडुक्कर पीक खाते. महाराष्ट्रात शेतकऱ्याच्या अर्जावरून वनखात्याने परवानगी देऊन उपद्रवी डुक्कर वा रोही मारण्याची तरतूद आहे. उपदेशी शेतकऱ्याने स्वतः शस्त्र धरले नाही, केवळ अर्ज केला आणि नेमबाजाने मारले, तर त्यास दोष नाही काय?

परिहार. हात दुसऱ्याचा असला तरी इच्छा आपली असते. मुंगीसारख्या क्षुद्र जीवाचाही संसार आपल्या निमित्ताने मोडू नये, इतकी सूक्ष्म दृष्टी ज्या आचारात सांगितली आहे, तेथे कागदाच्या आडून दोष चुकत नाही. यास्तव अर्ज करण्यापूर्वी त्याने स्वतःस विचारावे: कुंपण झाले काय? सौर कुंपणासाठी शेजाऱ्यांशी मिळून प्रयत्न केला काय? पिकाची राखण, पेरणीची पाळी, रानालगतच्या पट्ट्यात डुक्कर टाळते असे पीक, यांपैकी काय करून पाहिले? नुकसानभरपाई मागितली काय? आणि एक गोष्ट तर कधीही करू नये. शेताभोवती उघड्या तारेत वीज सोडणे ही चोरटी हिंसा आहे. त्या तारेस डुक्कर, वाघ, गाय आणि शेजाऱ्याचे मूल यांतील भेद कळत नाही. अशा तारांनी महाराष्ट्रात माणसेही मेली आहेत आणि वाघही.

तथापि शेतकऱ्याच्या नुकसानीची थट्टा करण्याचा अधिकार कोणासही नाही. भिक्षेची झोळी ज्या शेताच्या धान्याने भरते, त्या शेताची राखण कोणी केली याचा विचार भिक्षुकानेही करावा.

शंका तिसरी. बिबट्याने बालक नेले. आता त्या मातेस अहिंसा सांगणे हे क्रौर्य नव्हे काय?

परिहार. होय, त्या क्षणी तिला अहिंसा सांगणे हे क्रौर्यच आहे. ज्याच्या घरातील दिवा विझला त्याच्यापुढे प्रथम मौन, मग साहाय्य, आणि उपदेश सर्वांच्या शेवटी. ज्या पशूस माणसाची चटक लागली आहे, जो पकडता येत नाही, आणि ज्याच्यापासून उद्या दुसरे बालक जाण्याचा धोका आहे, त्याचे निवारण करणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्य आहे. कायदाही हेच सांगतो. वाघ-बिबट्यांसारख्या प्राण्याच्या वधाची परवानगी केवळ राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतो. प्राणी मनुष्याच्या जिवास धोकादायक झाला असावा, अथवा बरा न होण्याइतका जायबंदी वा रोगग्रस्त असावा. आणि त्यास पकडणे, बेशुद्ध करणे वा अन्यत्र हलविणे शक्य नसावे. याची कारणे लेखी नमूद करावी लागतात. स्वतःच्या वा दुसऱ्याच्या प्राणरक्षणार्थ सद्भावनेने केलेला प्रतिकारही कायद्याने अपराध ठरविलेला नाही.

परंतु येथे एक सूक्ष्म भेद ध्यानी घ्यावा, आणि या संपूर्ण अभ्यासाचा गाभा हाच आहे. कृत्य अपरिहार्य झाले म्हणून ते निर्दोष होत नाही. वैद्य रोग्याचा पाय कापतो, तेव्हा ते कर्तव्य असते. पण पाय गेला ही हानी हानीच राहते, आणि तिचा उत्सव कोणी करीत नाही. दार्ष्टांतिक असे: निवारणार्थ वध हा कधी कर्तव्य होऊ शकतो, पुण्य कधीच होत नाही. ज्या दिवशी मृत पशूशेजारी उभे राहून छायाचित्रे काढली जातात, फटाके उडतात, त्या दिवशी निवारण संपून पैज सुरू झालेली असते.

यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा भागातील वाघीण हे याचे बोलके उदाहरण आहे. सुमारे दोन वर्षांत १३ माणसांच्या मृत्यूशी तिचे नाव जोडले गेले. प्रकरण न्यायालयात गेले. प्रथम बेशुद्ध करून पकडण्याचा प्रयत्न करावा, न साधल्यास मारावे, असा क्रम ठरला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती गोळीने मारली गेली. पकडण्याचा प्रयत्न खरोखर झाला की नाही, याविषयी मोठा वाद माजला. तिचे दोन बछडे मागे राहिले. त्यांपैकी मादी बछडा पकडून पेंचच्या रानात वाढविण्यात आला. २०२१ च्या मार्चमध्ये तो मोकळा सोडल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला. गावकऱ्यांचे भय खरे होते, मृतांची संख्या खरी होती. पण निवारणाचा क्रम संशयास्पद झाला की कर्तव्याच्या कृत्यासही पारधीचा वास येतो.

६. विवेकाचा क्रम

वरील विचारावरून निवारणार्थ वधाच्या प्रसंगी पाहावयाच्या गोष्टी अशा निष्पन्न होतात.

(१) उपद्रव खरा आहे काय? केवळ दर्शन झाले म्हणजे उपद्रव झाला असे नव्हे. बिबट्या दिसणे आणि बिबट्याने हल्ला करणे यांत अंतर आहे.

(२) मनुष्याचा वाटा दूर केला काय? गोठे बंदिस्त करणे, वस्तीजवळ मांसाचा उकिरडा न ठेवणे, सायंकाळी मुलांस एकटे न सोडणे, घराजवळ उजेड व शौचालय असणे, ही कामे बंदुकीच्या आधीची आहेत.

(३) वधावाचून उपाय आहे काय? पकडून जन्मभर सांभाळणे हाही एक उपाय आहे. जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट्यांसाठी असे केंद्र आहे. परंतु तेथील जागा अपुरी पडते, आणि पिंजऱ्यातील जन्मठेप ही निर्मळ दया नव्हे, हेही विसरू नये. माद्यांच्या संततिनियमनाचा विचार २०२५ मध्ये पुढे आला, तोही या दिशेचा आहे.

(४) जो मारला जाणार तोच अपराधी आहे काय? पशूंस अपराध हा शब्द लावणेही खरे तर औपचारिक आहे. जाति पाहून शासन करू नये, हा न्याय मनुष्यांस लागू आहे तसा पशूंसही असावा.

(५) करणाऱ्याच्या मनात काय आहे? हर्ष, द्रव्य, कीर्ती यांपैकी काहीही असेल तर तो अधिकारी नव्हे.

(६) कृत्यानंतर काय केले? ज्या कारणाने प्रसंग ओढवला ते कारण तसेच राहिले, तर पुढील वर्षी तोच प्रसंग पुन्हा येईल, आणि मग आधीचा वध व्यर्थ झाला असे म्हणावे लागेल.

या क्रमातील पहिल्या तीन गोष्टी नीट झाल्या तर उरलेल्यांची वेळ क्वचितच येईल. व्यवस्थापन या शब्दाचा खरा अर्थ हाच आहे. जेथे व्यवस्था चुकली तेथे बंदूक येते. म्हणून बंदुकीस व्यवस्था म्हणणे हा शब्दांचा गैरवापर होय.

७. उपसंहार

श्रीक्षेत्र माहूर येथे श्रीदत्तात्रेय प्रभूंनी व्याघ्राच्या वेषाने येऊन श्रीचक्रपाणी महाराजांच्या मस्तकी चवडा ठेवला, ही लीळा साधकांच्या नित्य स्मरणातली आहे. ज्या वाघिणीचे प्रकरण वर आले ते यवतमाळचे रान माहूरपासून फार दूर नाही; पैनगंगा ओलांडली की तोच जिल्हा लागतो. याचा अर्थ प्रत्येक वाघ पूज्य मानून त्याच्यापुढे मान द्यावी, असा मुळीच नव्हे. जीव तो जीव, आणि परमेश्वर तो परमेश्वर. तत्त्वविचारात हा भेद सोडता येत नाही. परंतु ज्या रूपाचा वेष प्रभूंनी त्याज्य मानला नाही, त्या रूपाचे पृथ्वीवर उरणे आपल्या हाती आले असता ते रूप आपण नष्ट करावे काय, हा प्रश्न साधकाच्या मनात उठावा, एवढा अर्थ त्यातून घेण्यास हरकत नसावी.

शेवटी पुन्हा स्वारगेटकडे येऊ. या चौकात दिवसरात्र गाड्यांची वर्दळ असते. येथे बिबट्याचे भय नाही. येथील मनुष्यास साखर लागते, ती उसाची. वीज लागते, पाणी लागते, तेही धरणांचे. उसाची गोडी नगराने घ्यावी आणि उसातल्या बिबट्याचे भय मात्र पिंपरखेडच्या मुलाने सोसावे, ही वाटणी न्यायाची नाही. नगरात बसून बिबट्यास मारू नका असे सांगणे सोपे आहे, आणि सर्व बिबटे मारा असे सांगणे त्याहून सोपे आहे. दोन्ही सांगणाऱ्यांचे स्वतःचे काही जात नाही. ज्यास जीवदया हवी आहे त्याने तिचा भार उचलावा: भरपाई वेळेवर मिळावी म्हणून, वस्तीवरील गोठे व घरे सुरक्षित व्हावीत म्हणून, फासा सोडणाऱ्या पारध्याच्या मुलास शाळेत व कामात स्थान मिळावे म्हणून आपले द्रव्य, श्रम आणि शब्द खर्च करावे.

ससा स्वामींच्या जानूतळी आला तेव्हा शस्त्रांचे भय त्याच्याबरोबर आले, आणि स्वामींनी जानू उचलली ती भय शमल्यावर. रक्षण करावयाचे तर रक्षिल्या जाणाऱ्याबरोबर येणारे संकटही आपल्या आसनाशी येऊ द्यावे लागते, हे त्या लीळेचे मर्म आहे. ते संकट दुसऱ्याच्या दारी लोटून केलेली दया ही दया नव्हे. आणि आपल्या भयापोटी केलेला वध हे रक्षण नव्हे. या दोहोंमधला कठीण मार्ग विवेकाने धरणे, हेच उपदेशी गृहस्थाचे व साधकाचे कर्तव्य होय.

दंडवत प्रणाम.